आधी पत्ता विचार, मग नाव

अगं, तुझा फोटो रात्री पावणेअकराला आला आणि मी दिवा लावून उठूनच बसले. लक्षद्वीपातल्या कदमतच्या लगूनमध्ये पहिल्याच दिवशी तुला तो दिसला! काळे-पांढरे पट्टे, मधूनच पिवळं, आणि पाठीवरून मागे लहरत गेलेला तो लांब पांढरा तुरा. खाली तू लिहिलंयस, "ताई, हा कोण? निमोच्या सिनेमातला गिल ना?"

फोटो मोठा करून करून पाहिला. तोंड प्रवाळाच्या फांदीमागे आणि शेपटी तुझ्याच पायांनी उडालेल्या वाळूच्या ढगात. ज्या दोन जागा बघून मी तुला एका शब्दात उत्तर दिलं असतं, नेमक्या त्याच झाकलेल्या. उद्या सकाळी पुन्हा पाण्यात उतरणार आहेस म्हणालीस, म्हणून आत्ताच लिहायला घेते. थोडं लांबेल. पण मासा ओळखायला मला कुणी असं बसवून शिकवलं नव्हतं, आणि तुझी वर्षं तशी वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी घरात फारशी बोलले नाही. आपलं घर मालवणात, समुद्र अगदी परसात, पण आपल्या घरातल्या बाया घोट्याच्या वर कधी पाण्यात शिरल्या नाहीत. मला पोहायला यायला चौतिसावं वर्ष उजाडलं. तारकर्लीला जाऊन शिकले. पहिल्यांदा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली मास्क लावून डोकं पाण्यात घातलं, तेव्हा रडू आलं होतं. ज्या तटावरून लहानपणी शंभरदा खाली पाहिलं, त्याच्याच पायाशी हे सगळं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९८७ साली तिथलं पाणी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. किल्ल्याभोवतीच्या खडकांना प्रवाळ धरलेलं आहे, हे मला मात्र कितीतरी उशिरा कळलं.

मग मी लक्षद्वीपला गेले आणि मलाही तुझ्यासारखाच तो तुरेवाला मासा दिसला. मी लगेच म्हटलं, मूरिश आयडल. फोटो मोठा करून घेतला, चौकट केली, खाली नाव लिहून दिवाणखान्यात लावला. चार वर्षं तो तिथे होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी त्याची गोष्ट सांगायचे. एकदा भाचीची मैत्रीण आली, माशांचा अभ्यास करणारी. बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, हा बॅनरफिश आहे. शेपटी बघा ना, पिवळी आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. नाव चुकलं याचं एवढं काही नव्हतं. चार वर्षं तो मासा रोज डोळ्यांसमोर होता आणि मी त्याची शेपटी पाहिलेलीच नव्हती, हे लागलं.

म्हणून सांगते बाय, रंगापासून सुरुवात करू नकोस.

काकू मासळी बाजारात कशी उभी राहते ते आठव. हलवा आणि पापलेट शेजारी शेजारी मांडलेले असतात. हलव्याला लोक काळं पापलेट म्हणतात, पण काकूने कधी म्हटलं? ती शेपटीच्या बुडाशी बोट फिरवून बघते. हलव्याला तिथे बारीक खरखरीत कड लागते, पापलेटावरून अंगठा गुळगुळीत सरकतो. आणि खरंच, शास्त्राच्या हिशोबाने हलवा पापलेटाच्या कुळातला नाहीच. काकूला कुळं माहीत नाहीत, पण बोटाला माहीत आहे. शिवाय आणखी एक गोष्ट ती नेहमी विचारते, जी आपण कधी मनावर घेतली नाही: "खंयचो मासो हा?" कुठला? खाडीतला, खडपातला, की खोल पाण्यातला? जागा कळली की तिच्या डोक्यात निम्मी नावं गळून जातात. पाण्याखाली मासा ओळखायचं सगळं मर्म त्या एका प्रश्नात आहे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर समजलं.

तेव्हा आधी तू कुठे आहेस ते नीट समजून घे. तुझ्या पायाखालचं ते बेट म्हणजे एका बुडालेल्या डोंगराचा माथा आहे. समुद्राच्या तळावर लक्षद्वीपपासून मालदीव, चागोसपर्यंत एक लांब डोंगररांग गेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणातून लाव्हा उसळून आपला सह्याद्री, आपलं दख्खनचं पठार रचलं गेलं, त्याच ठिकाणावरून पुढे सरकत गेलेल्या भूपट्टावर ही रांग उभी राहिली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्या घाटातला काळा कातळ आणि तुझ्या बेटाच्या पोटातला कातळ एकाच आईचे. डोंगर हळूहळू खचत गेला आणि त्याच्या कडेने प्रवाळ उजेडाच्या ओढीने वर वर वाढत राहिलं. डोंगर पाण्याखाली गेला, प्रवाळाचं कडं उरलं. डार्विनने १८४२ साली हेच मांडलं होतं. त्या कड्याच्या आतलं उथळ, निवांत, हिरवं-निळं पाणी म्हणजे तुझं लगून. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि लगूनचं पाणी मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. तिथला खरा मुलूख पाण्याखाली आहे.

आणि त्या मुलखात वाड्या आहेत, जशा आपल्याकडे असतात. किनाऱ्यावरून चालत निघालीस की आधी नुसती वाळू लागेल. तिथे काहीच नाही असं वाटून तू पुढे पळशील. पळू नकोस. वाळूवर पालथी पड, हालू नकोस, श्वास संथ ठेव. थोड्या वेळाने एका बिळाच्या तोंडाशी बोटाएवढा गोबी मासा दिसेल, आणि बिळातून बुलडोझरसारखी वाळू ढकलत एक कोळंबी बाहेर येईल. तिला जेमतेम दिसतं. बीळ खणायचं काम तिचं, राखण गोबीची. बाहेर आली की तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की दोघं आत. माझ्या मते साऱ्या लगूनमध्ये याहून सुंदर दृश्य नाही, आणि बहुतेक पर्यटक त्यावरून पाय मारत निघून जातात.

वाळूच्या पुढे प्रवाळाचे सुटे ढीग लागतील. फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर हिरवट-निळ्या छोट्या माशांचा थवा तरंगताना दिसला की समज, ते क्रोमिस. तू जवळ गेलीस की सगळे एकदम फांद्यांत शिरतील, जणू कुणी मूठ मिटली. त्यांचं घर ती एक फांदी. ती मेली की ते बेघर. आणखी पुढे, जिथे लाटा फुटतात त्या कड्यावर, निळ्या-पिवळ्या रेघांचा सर्जनफिश लाटेच्या फेसातच चरत असतो. त्याला तिथलंच शेवाळ लागतं, आणि आपलं कुरण तो मोठ्या त्वेषाने राखतो. तोच तुला लगूनच्या शांत वाळूवर दिसला असं तू म्हणालीस, तर मी दोनदा विचार करीन. कड्यापलीकडे एकदम उतार आहे, खोल निळा. तिथे वाटाड्याशिवाय जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता तुझ्या तुरेवाल्याकडे येते.

दोन उमेदवार आहेत आणि दोघांनी माझ्यासारख्या हजारोंना फसवलं आहे. पहिला मूरिश आयडल, सिनेमातला तुझा गिल. शास्त्रीय नाव झँक्लस कॉर्न्युटस. ग्रीकमध्ये या पहिल्या शब्दाचा अर्थ विळा, कारण तुरा मागे वळून विळ्याच्या पात्यासारखा दिसतो. साऱ्या जगात आपल्या कुळात आज तो एकटाच उरला आहे, भाऊबंद कुणी नाहीत. जवळचे नातलग म्हणजे ते सर्जनफिश. दुसरा बॅनरफिश, हेनिओकस अक्युमिनॅटस. हा फुलपाखरू माशांच्या मोठ्या खटल्यातला. मी मनातल्या मनात त्याला पताकामासा म्हणते, वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते ना, तशी त्याच्या पाठीवर आहे.

आता बघायचं काय? शेपटी. आयडलची शेपटी काळी, कडेला पांढरी बारीक किनार. पताकामाशाची पिवळी. हे एकच लक्षात ठेवलंस तरी उद्याचं काम होईल. तोंड दिसलं तर आयडलचं तोंड नळीसारखं पुढे आलेलं असतं, वर केशरी-पिवळं खोगीर घातल्यासारखा डाग. त्या लांब तोंडाने तो खडकाच्या फटीतून स्पंज ओरबाडून खातो. पताकामाशाचं तोंड आखूड, टोकदार. तुराही सारखा नाही. आयडलचा चाबकाच्या दोरीसारखा बारीक होत जातो, कधी अंगाहूनही लांब. पताकामाशाचा बुडाशी रुंद असतो, पाठीवरच्या चौथ्या काट्यातून निघालेला. आणि पिवळं कुठे आहे? पताकामाशाचा पाठीवरचा मागचा पर पिवळा असतो. आयडलच्या अंगावरच पिवळं उतरलेलं असतं, शेपटीच्या काळ्याच्या अलीकडे.

तुझ्या फोटोत वरच्या बाजूला पिवळ्याची एक पट्टी परावर असल्यासारखी दिसते. म्हणून माझा कौल पताकामाशाकडे आहे. पण वाळू इतकी उडाली आहे की शपथ घेणार नाही.

मन खट्टू करून घेऊ नकोस. सगळ्या सजीवांना नावं देण्याची पद्धत ज्याने घालून दिली, त्या लिनियसने १७५८ साली एकाच पुस्तकात या दोघांना नावं दिली आणि दोघांनाही एकाच वंशात घातलं, फुलपाखरू माशांच्या. इतकंच नाही, त्याच पुस्तकात मूरिश आयडललाच त्याने दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली. त्याच्यासमोर होते ते मेलेले, रंग उडालेले नमुने. पाण्यात तो मासा कुठे राहतो, काय खातो, कुणाबरोबर फिरतो, हे त्याला दिसलंच नव्हतं. तुला दिसतंय. हे केवढं भाग्य आहे!

समजा, शेपटी पिवळी निघाली. तरी काम संपत नाही, कारण पताकामाशाचा एक जुळा भाऊ आहे, हेनिओकस डायफ्रूटीस. पट्टे तेच, पिवळं तेच, तुरा तोच. पाठीवरचे काटे मोजले तर पहिल्याला अकरा, दुसऱ्याला बारा. पोहत्या माशाचे काटे कोण मोजणार? इथे पुन्हा काकूचाच प्रश्न उपयोगी पडतो. कुठला? अक्युमिनॅटस सहसा जोडीने किंवा एकटा, प्रवाळाला लगटून राहतो. डायफ्रूटीस मोठ्या थव्याने उघड्या पाण्यात येतो आणि वाहत आलेले बारीक जीव टिपतो. तू लिहिलंयस, दोघंच होते आणि एकाच मोठ्या प्रवाळाभोवती फिरत होते. मग तू काटा एकही न मोजता उत्तराच्या फार जवळ आली आहेस.

रंगावर विसंबू नकोस म्हणाले, त्याचीही कारणं देते, नाहीतर तुला वाटेल ताईने उगीच दामटून सांगितलं. एक तर पाणी रंग गिळतं. सगळ्यात आधी लाल. पाच-सात मीटर खाली गेलीस की लाल मासा काळपट, तपकिरी दिसायला लागतो. कपारीत दिवसा लपून बसणारे मोठ्या डोळ्यांचे सोल्जरफिश वरून पाहिले तर मळकट वाटतात. टॉर्च मारला की कुंकवासारखे उजळतात. आणि दुसरं म्हणजे वयाबरोबर मासे कपडे बदलतात. एंपरर एंजलफिशचं पोर गडद निळं, त्यावर पांढऱ्या वर्तुळांची नक्षी, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी. मोठा झाला की निळ्यावर आडव्या पिवळ्या रेघा, डोळ्यांवर काळी पट्टी. कुणी म्हणणार नाही की हे एकाच घरातले. १७८७ साली ब्लॉख नावाच्या अभ्यासकाने मोठ्याला नाव दिलं, आणि १८०१ साली पोराला वेगळी जात समजून नाव मिळालं ते आपल्या निकोबारवरून. पोपटमाशांचं तर त्याहून अवघड. बहुतेक जातींमध्ये आधीचा वेष साधा, तपकिरी-करडा. पुढे काही माद्या नर होतात आणि हिरव्या-निळ्या-गुलाबी रंगांनी फुलून येतात. म्हणून ज्या थव्यात सगळे मळकट आणि एकच झगमगीत दिसतो, ती एकच जात असू शकते.

पण पोपटमासा तू डोळ्यांनी नाही, कानांनी ओळख. पाण्यात डोकं घालून गप्प राहा. खुडखुड, खुडखुड असा आवाज येईल, कुणी कुरमुरे चावल्यासारखा. दात एकमेकांना जुळून त्याची चोच झालेली असते. त्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ दगडासकट खरवडतो, घशातल्या जात्यात दळतो आणि मागून बारीक पांढरी वाळू सोडतो. तू ज्या वाळूवर संध्याकाळी पाय पसरून बसतेस, तिच्यातला कितीतरी वाटा या माशांच्या पोटातून आलेला आहे. कुठे काय खातो हे एवढं कळल्यावर मग त्याचा रंग हिरवा की निळा, याची ओळखायला फारशी गरज उरत नाही.

तोंड कुठे आहे, हेही बघायला शीक. सफाई करणारा रास नावाचा छोटा निळा मासा असतो, अंगावर काळी लांब रेघ. तो एका ठरलेल्या खडकाशी दुकान मांडून बसतो. मोठे गोबरे, पोपटमासे तिथे येऊन तोंड उघडून, कल्ले ताणून रांगेत थांबतात आणि हा आत शिरून त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. त्याच्यासारखाच हुबेहूब रंगाचा एक तोतया ब्लेनी आहे. तो जवळ जातो आणि पराचा लचका तोडून पळतो. दोघांत फरक? रासचं तोंड टोकाला, ब्लेनीचं खाली, नाकाच्या आत दडलेलं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अर्धा तास एकाच खडकासमोर होते. बोटीवरचे रागावले, पण चालायचंच.

आता जरा जड बोलते. तुझ्या लगूनमध्ये कदाचित पसरट ताटासारखं प्रवाळ दिसेल, आणि त्यावर पांढरा, काळसर कोनांच्या रेघा असलेला एक फुलपाखरू मासा. तो जवळजवळ त्या ताटांवरचेच जीव खातो, आणि आपलं ताट दुसऱ्याला शिवू देत नाही. तो दिसला तर डोळे भरून बघ, कारण तो असणं म्हणजे ते प्रवाळ जिवंत असणं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही. उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशाने तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि आता २०२४ साली सोसलं आहे. मी गेले होते तेव्हाची ताटं मला आठवतात. तू पाठवलेल्या बाकीच्या फोटोंत मी तीच शोधत होते. एका फोटोच्या कोपऱ्यात तुटलेल्या, शेवाळलेल्या फांद्यांचा ढिगारा दिसला आणि मी तो फोटो पुन्हा उघडला नाही.

म्हणून तुझ्या वहीत माशाच्या नावाआधी त्याची जागा लिही. प्रवाळ जिवंत होतं की मेलेलं, फांद्यांचं की गोलाकार, वाळू किती, खोली किती, भरती होती की ओहोटी, मासा एकटा की जोडीने, आणि काय खात होता. जोन्स आणि कुमारन यांनी लक्षद्वीपच्या माशांवर १९८० साली मोठा ग्रंथ काढला, त्यात ६०३ जाती आहेत. एवढ्यांची नावं कुणाच्या तोंडी राहणार? पण वाडी लिहिलीस की सहाशेतून साठ उरतात, आणि तोंड-शेपटी लिहिलीस की चार-पाच. अंग कोरडं झाल्या झाल्या वही लिही, जेवणाआधी. जेवणानंतर मन आपल्याला हवा तो मासा रंगवायला लागतं, हे मी भोगलंय.

आणि ब्रेड टाकू नकोस. कुणी हातात दिला तरी नाही. मी हे केलं आहे. मालवणला पहिल्या वर्षी एका होडीवाल्याने पावाचा तुकडा हातात दिला, मी पाण्यात कुस्करला आणि पाच काळ्या पट्ट्यांचे पिवळ्या पाठीचे सार्जंट मासे माझ्या बोटांभोवती उसळले. फोटो फार छान आले. पुढे एकदा शांत पाण्यात, पाव नसताना, एका सार्जंटाला मी खडकावरच्या जांभळट डागापाशी पाहिलं. तो डाग म्हणजे अंडी होती. नर अंगाने निळसर झाला होता, परांनी अंड्यांवर पाणी घालत होता, आणि त्याच्या तिप्पट मोठ्या माशावर धावून जात होता. त्याला राखण सोडून पावामागे यायला लावणाऱ्यांत मी होते, हे मनातून जात नाही. शिवाय पावाभोवती जमलेल्या गर्दीतून काही ओळखता येत नाही. कुणीच आपल्या घरी नसतो.

प्रवाळावर उभी राहू नकोस, थकलीस तरी. पाठीवर तरंग, हात पसर, वाळू असलेली जागा शोध आणि तिथे पाय टेक. उन्हासाठी अंगभर बाह्यांचा पोहायचा सदरा घाल, म्हणजे क्रीम कमी लागेल. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा सुंदर तुकडा उचलून आणायचा मोह होईल. आणू नकोस. आपल्याकडे दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि विमानतळावर लोक त्यापायी खरोखर अडकतात. आणि बाय, एक मोठा, जाड ओठांचा, हिरवट-पिवळा टायटन ट्रिगरफिश वाळूतल्या खळग्यावर अंडी राखत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. तो अंगावर आला तर वर पळू नकोस. त्याची हद्द खळग्यापासून वर वर रुंद होत जाते, शंकूसारखी, त्यामुळे वर गेलीस तरी तू त्याच्या अंगणातच. आडवी पोहत बाजूला हो.

तू शेवटी लिहिलंयस, "घरी टाकीत ठेवता येईल का गं असा एक?" मी तो प्रश्न वाचून थोडी गप्प झाले. मूरिश आयडल टाकीत बहुधा टिकत नाही, पुष्कळदा अन्नालाच तोंड लावत नाही आणि झिजत जातो. जगात जिथे जिथे असे मासे विकले जातात, ते जवळजवळ सगळे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. तुला त्याचा चेहरा रोज बघायचाय ना? मग माझ्या चौकटीतला फोटो तुला देते. नाव मी खरवडून पुन्हा लिहिलं आहे, आता बरोबर.

तर उद्याचं सांगते. सकाळी उजेड चढल्यावर जा, तेव्हा पाणी स्वच्छ असतं. त्याच प्रवाळापाशी जा, पण दहा-बारा हात अलीकडेच थांब. पाय मारू नकोस, वाळू उडेल. पाच मिनिटं फक्त बघ, कॅमेरा मनगटालाच राहू दे. जोडी असेल तर ती आपली फेरी पुन्हा पुन्हा घेत तुझ्यासमोरून जाईल. आपण धावलो नाही तर बरेच मासे आपल्याला विसरतात. मग बाजूने, त्यांच्या उंचीला येऊन फोटो काढ. वरून काढलास की पाठ तेवढी येते. आणि दोघांपैकी एकाची तरी शेपटी मला स्वच्छ दिसू दे.

पिवळी असेल तर नुसता निरोप टाक. काळी असेल तर वेळ-काळ बघू नकोस, फोन कर. मी उद्या दिवसभर घरीच आहे.